नातवासाठी लावायचे झाड

नर्सरीत कुंडीत उभे असलेले गिंकोचे रोप पहिल्यांदा पाहिले तर कीवच येते. माणसाच्या उंचीची एक काठी, तिला इकडे एक, तिकडे एक अशा दोन-तीन फांद्या, त्याही भलत्याच कोनात, आणि फांद्यांना चिकटवल्यासारखे पानांचे झुपके. शेजारचे मेपल गोल, दाट, भरगच्च. गिऱ्हाईक साहजिकच मेपलकडे वळते. जे कोणी हट्टाने गिंको घेतात, ते पुढची पाच-सहा वर्षे एकच प्रश्न विचारत राहतात : हे झाड वाढत का नाही? आणि साठ-सत्तर वर्षांनी त्याच घरात राहणारा माणूस वेगळाच प्रश्न विचारतो : एवढे मोठे झाड इथे भिंतीला खेटून लावले कोणी?

दोन्ही प्रश्न एकाच गैरसमजातून येतात. बाळाच्या वाढीचा तक्ता अंगणवाडीत सगळ्यांनी पाहिलेला असतो. पहिल्या वर्षी रेषा झपाट्याने चढते, मग तिचा चढ कमी होतो, आणि विशीच्या आसपास उंची थांबते. झाडांकडेही आपण नकळत त्याच तक्त्यातून पाहतो. गिंकोचा तक्ता वेगळा काढावा लागतो. सुरुवातीला रेषा जमिनीलगत रेंगाळते, मध्ये काही वर्षे अडखळते, मग सावकाश चढू लागते; आणि माणसाच्या हातात ज्या वयात काठी येते, त्या वयाचे गिंकोचे झाड अजून तरणेताठे असते.

चीनमध्ये या झाडाच्या अनेक नावांपैकी एक ‘गोंगसुनशू’ आहे, म्हणजे आजोबा-नातवाचे झाड. आजोबांनी लावायचे आणि बिया नातवाने खायच्या. आपल्याकडे फणस लावणारी म्हातारी माणसे हेच म्हणतात, पण फणस तरी आजोबांच्या हयातीत धरतो. गिंको खरोखरच पिढी ओलांडतो. वनस्पतीशास्त्रात त्याचे नाव ‘गिंको बायलोबा’. डायनोसोरांच्या काळातल्या खडकांत याच्या भाऊबंदांच्या पानांचे ठसे सापडतात. ते सगळे भाऊबंद नष्ट झाले आणि आज संपूर्ण गटात ही एकच जात उरली आहे. पाश्चात्त्यांना तिची ओळख करून दिली ती एंगेलबर्ट केम्फर या जर्मन डॉक्टरने. डच कंपनीचा वैद्य म्हणून तो १६९० ते १६९२ या काळात जपानमध्ये नागासाकीला होता. १७१२ साली छापलेल्या ग्रंथात त्याने या झाडाचे जपानी नाव रोमन लिपीत असे काही लिहिले, की तेव्हापासून शाळकरी पोरांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्या स्पेलिंगमध्ये अडखळतात. डॉक्टरांच्या हस्ताक्षराची कीर्ती जुनी आहे.

गिंकोच्या रूपाचे सगळे गणित दोन प्रकारच्या फांद्यांवर चालते. एक प्रकार लांब कोंबांचा. यावर पानापानांत अंतर असते आणि झाडाची उंची व घेर वाढवण्याचे काम हेच कोंब करतात. दुसरा प्रकार आखूड खुंट्यांचा. जुन्या फांदीवर बोटाच्या पेराएवढी एक खुंटी असते, वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढते, आणि दर वसंतात तिच्या टोकाला पानांचा एक झुपका येतो. गळून गेलेल्या पानांचे वण खुंटीवर एकावर एक रचलेले दिसतात. एकच खुंटी वर्षानुवर्षे अशी तग धरून असते. ‘बायलोबा’ म्हणजे दोन पाळ्यांचा. हे नाव लांब कोंबावरच्या पानांना शोभते, कारण ती मधोमध खोल चिरलेली असतात. खुंटीवरची पाने बहुधा सलग पंख्यासारखी असतात, आणि वाढलेल्या झाडावर बहुतेक पाने खुंट्यांवरचीच असतात. म्हणजे ज्या खुणेवरून झाडाचे बारसे झाले, ती खूण त्याच्या बहुसंख्य पानांत धड दिसतही नाही.

बागवानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या दोन भूमिका कायमच्या ठरलेल्या नसतात. वर्षानुवर्षे खुंटी म्हणून राहिलेला अंकुर एखाद्या वर्षी अचानक लांब कोंब होऊन धावू लागतो. लांब कोंबही पुढच्या वर्षी हात आखडता घेऊन खुंटीसारखा बसतो. नर्सरीतून आणलेले रोप जमिनीत लावले की मुळांना धक्का बसतो. त्या वर्षी, कधी पुढची दोन-तीन वर्षेही, झाड लांब कोंब काढतच नाही. खुंट्यांवर हिरवे झुपके येतात, शरदात पिवळे होऊन गळतात, उंची तसूभर वाढत नाही. मालक घाबरतो, खताचा मारा करतो, किंवा ‘फुटवा यावा’ म्हणून शेंडा खुडतो. ही दुसरी चूक मोठी. गुलाब किंवा जास्वंद छाटल्यावर चेव येऊन फुटते, तसा छोटा गिंको फुटेलच असे नाही. मुख्य शेंडा गेला की पुढची कित्येक वर्षे तो वाकडातिकडा, डोके हरवल्यासारखा दिसतो. या काळात झाडाला हवे असते ते भरपूर ऊन, पाणी न साचणारी जमीन, पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत नियमित पाणी, आणि मालकाचा संयम. शेवटची वस्तू नर्सरीत मिळत नाही.

झाड रुळले की वर्षाला सरासरी फूटभर वाढ धरून चालावी. मनासारखी जागा असेल तर जास्तही होते. बियांपासून आलेले झाड दहाव्या वर्षी साधारण ३ ते ५ मीटर उंच असते, म्हणजे अजून पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. तोपर्यंत त्याचा आकार उंच, निमुळता, विरळ असतो. फांद्यांमधून पलीकडचे घर दिसते. पुढे मात्र बाजूच्या फांद्या रुंदावू लागतात, रिकाम्या जागा खुंट्यांनी भरतात आणि शेंडा गोलावतो. बागेत वाढलेल्या जुन्या झाडाची उंची सर्वसाधारणपणे १५ ते २५ मीटर होते, घेर ८ ते १० मीटर किंवा त्याहून अधिक. दक्षिण कोरियातल्या योंगमुन्सा मंदिराचा गिंको तर ४० मीटरच्या घरात आहे. लंडनजवळ क्यूच्या वनस्पती उद्यानात १७६२ साली लावलेले झाड आजही उभे आहे. ते लावले गेले, तेव्हा पानिपतच्या लढाईला जेमतेम वर्ष झाले होते.

या आकड्यांचा अर्थ घर बांधणाऱ्याच्या भाषेत सांगायचा, तर पूर्ण वाढणारा गिंको भिंतीपासून किमान ६ मीटर लांब हवा आणि त्याच्या डोक्यावर विजेची तार नको. ‘हळू वाढते ना, मग बघू पुढे’ हा युक्तिवाद मोहाचा आहे, पण तो पुढे बघणारा माणूस दुसराच असतो. लहान बागेसाठी पर्याय आहेत. ‘मरिकेन’ आणि ‘ट्रोल’ या बुटक्या जाती मोठ्या झाडांवर अवचित आलेल्या झाडूसारख्या दाट गुच्छांपासून कलमे करून तयार झाल्या; दहा वर्षांत त्या कंबरेच्या आसपासच राहतात. ‘प्रिन्स्टन सेंट्री’ ही जात खांबासारखी सरळ आणि अरुंद वाढते. तिच्याबाबत मात्र एक घोटाळा नेहमी होतो. अरुंद म्हणजे बुटकी नव्हे. तीही चार-पाच मजल्यांची उंची गाठू शकते.

आकारानंतरचा प्रश्न लिंगाचा. गिंकोत नर आणि मादी ही वेगवेगळी झाडे असतात. पपई लावणाऱ्याला हा त्रास ठाऊक आहे, पण पपई काही महिन्यांत फुलून आपली जात सांगते आणि नर निघाला तर उपटून टाकता येतो. गिंको हे गुपित वीस-तीस वर्षे पोटात ठेवतो. नर सरळसोट वाढतो आणि मादी पसरट, असे बागकामाच्या पुस्तकांत लिहिलेले असते. त्यावर भिस्त ठेवू नये. युरोपात अठराव्या शतकात हे झाड पोहोचले, पण तिथल्या मादी झाडाची पहिली नोंद झाली ती १८१४ साली, जिनिव्हाजवळच्या बूर्दिन्यी गावात. तोपर्यंत युरोपातल्या बागा नरांवरच चालल्या होत्या, आणि त्यात कोणाचे काही बिघडले नव्हते.

कारण मादी बागेत असणे ही नाकाची परीक्षा असते. तिच्या बियांवर जर्दाळूसारखे पिवळसर मऊ आवरण असते. ते खाली पडून फुटले की त्यातल्या ब्युटिरिक आम्लामुळे नासलेल्या लोण्याचा, खरे सांगायचे तर उलटीचा वास सुटतो. अमेरिकेत मुलाकडे-मुलीकडे शरदात राहायला गेलेल्या अनेक मराठी आजी-आजोबांनी पदपथावर सोनेरी पंख्यांचा सडा पाहिला असेल, आणि त्याच रस्त्यावर नाकाला पदरही लावला असेल. शहरांत धूर, धूळ आणि कीड सोसणारे झाड म्हणून गिंको ओळीने लावले गेले. त्यात बियांपासून आलेल्या माद्या निघाल्या. वॉशिंग्टन शहरात फळधारणा होऊ नये म्हणून अशा झाडांवर वसंतात फवारणी केली जाते.

उपाय कोकणातल्या माणसाला सांगावा लागणार नाही : रायवळ नको, कलमी घ्या. ज्याचे लिंग माहीत आहे अशा प्रौढ नर झाडाची फांदी रोपावर बांधली, की पुढचे झाड नरच. ‘ऑटम गोल्ड’ ही लोकप्रिय जात अशीच कलमी नर आहे. वीस वर्षांनी मादी निघाली म्हणून चांगले झाड तोडण्यापेक्षा आज नर्सरीत दोन पैसे जास्त मोजलेले बरे.

मादीच्या बाबतीत वासापेक्षा गंभीर दोन गोष्टी आहेत आणि त्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत येतात. पहिली त्वचेची. त्या मऊ आवरणात गिंकोलिक आम्ले असतात. बिब्ब्याचे तेल आणि काजूच्या टरफलातला चीक ज्या रासायनिक घराण्यातले, त्याच घराण्यातली ही मंडळी. बिब्बा उतणे म्हणजे काय हे ज्याने भोगले आहे, त्याला पुढचे वर्णन नको. बिया गोळा करताना हातमोजे घालावेत, तोंडाला-डोळ्याला हात लावू नये. आणि ज्यांना काजूच्या चिकाची ॲलर्जी आहे त्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

दुसरी गोष्ट आतल्या गराची. आवरण धुऊन, कठीण कवच फोडून, भाजून किंवा शिजवून तो गर चीन-जपानमध्ये आवडीने खाल्ला जातो. मोठ्या माणसाने चार-सहा बिया खाल्ल्या तर सहसा काही होत नाही. पण त्यात गिंकोटॉक्सिन नावाचे द्रव्य असते आणि त्याची घडण ब जीवनसत्त्वातल्या बी-६शी मिळतीजुळती असते. मेंदूला शांत ठेवणारे ‘गाबा’ हे रसायन तयार करायला बी-६ लागते. त्याच्या जागी ही नकली किल्ली जाऊन बसली, की मेंदूतला लगाम सुटतो आणि झटके येतात. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही. जपानमध्ये युद्धकाळात आणि त्यानंतरच्या अन्नटंचाईत पोटभर गिंको खाल्लेल्या माणसांत, विशेषतः लहान मुलांत, अशी विषबाधा झाली. उपचार सरळ आहे, बी-६ची इंजेक्शने. पण त्यासाठी मुलाने काय खाल्ले हे डॉक्टरला कळायला हवे. परसात मादी असेल आणि घरात रांगते मूल, तर शरदात रोज झाडलोट करावीच.

एवढे सगळे सांगूनही लोक गिंको लावतात. का, ते नोव्हेंबरात कळते. पाने एकाच वेळी पिवळी होतात आणि कडाक्याच्या थंडीची पहिली रात्र पडली की पुष्कळदा एका सकाळीच सगळी पडतात. टोक्योत मेइजी मंदिराच्या बाहेरच्या उद्यानात १९२३ साली लावलेल्या १४६ झाडांची रांग पाहायला त्या दिवसांत गर्दी लोटते. ही थंडीची झोप झाडाला हवीच असते. म्हणून भारतात त्याची मोठी झाडे मसुरी, नैनिताल, डेहराडून अशा हिमालयाच्या अंगाखांद्यावरच्या गावांत दिसतात. मुंबईच्या सदनिकेत हौस भागवायची तर कुंडीतले बोन्साय मिळते, पण दमट उकाड्यात त्याचे दिवस मोजकेच.

थंडी, धूर, कीड सोसून हे झाड शेकडो वर्षे जगते, तेव्हा त्याच्यात काही अमृत असणार, असे माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी सुमारे २०, २०० आणि ६०० वर्षे वयाच्या झाडांच्या खोडांतल्या कॅम्बियमचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. कॅम्बियम म्हणजे सालीखालचा तो पातळ थर, जिथे नव्या पेशी तयार होऊन खोड जाड होते. म्हाताऱ्या झाडांत या थराच्या पेशींची संख्या कमी झालेली आढळली, वार्षिक वलयेही बारीक झालेली होती. पण वार्धक्य ज्यांवरून ओळखावे त्या जनुकांची खटपट तिथे वाढलेली नव्हती, आणि रोगांशी लढणारी यंत्रणा सहाशे वर्षांच्या झाडातही जागी होती. पान म्हातारे होऊन गळते, फांदी वाळते. ज्या थरातून झाड स्वतःला घडवते तो थर मात्र म्हातारा होत नाही. माणसाच्या शरीरात असा थर नाही. आपल्या हाडांच्या टोकांना वाढीच्या चकत्या असतात, त्या तारुण्यात मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

तरीही त्याच झाडाच्या पानांचा अर्क कॅप्सुलांत भरून स्मरणशक्तीसाठी जगभर विकला जातो, आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांतही. त्याची कसून परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत ७५ वर्षे आणि त्यापुढच्या ३,०६९ जणांना सरासरी सहा वर्षे एकतर हा अर्क, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. २००८ साली निकाल आला. अर्क घेणाऱ्यांत २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २४६ जणांना. फ्रान्समध्ये २,८५४ ज्येष्ठांवर पाच वर्षे चाललेल्या अभ्यासाचा २०१२ सालचा निष्कर्षही तोच : अल्झायमर टळत नाही. उलट ज्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांना या कॅप्सुलांनी रक्तस्रावाचा धोका संभवतो. शस्त्रक्रियेआधी ‘ती काही औषध नाही, झाडपाल्याची आहे’ म्हणून ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली जाते, ती लपवू नये. झाडाची पाने चहासारखी उकळून पिण्याचा घरगुती प्रयोगही नको. तयार अर्कातून काढून टाकलेली बिब्ब्याच्या घराण्यातली आम्ले त्या काढ्यात जशीच्या तशी उतरतात.

या कॅप्सुलांसाठी पाने येतात कुठून, हे पाहिले की पुन्हा वाढीच्या मुद्द्याशी येऊन पोहोचतो. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात समटरला आणि फ्रान्समध्ये बोर्दोजवळ गिंकोची शेते आहेत. तिथे लाखो झाडे ओळीने, दाटीवाटीने लावलेली असतात. यंत्राने पाने ओरबाडतात आणि काही वर्षांनी झाड जमिनीलगत कापतात. २५ मीटरला जाणारे झाड तिथे आयुष्यभर झुडूप म्हणून राहते. आणि कापले की बुडातून पुन्हा फुटते.

शेंडा खुडला तर रुसणारे झाड बुंध्याशी कापले तर फुटते, याचे कारण जमिनीलगत आहे. रोप अगदी लहान असतानाच त्याच्या पहिल्या दोन दलांच्या बेचक्यातले सुप्त डोळे खालच्या दिशेने वाढून बुडाशी लाकडी गाठ धरू शकतात. या गाठींत अन्न साठलेले असते आणि कोंबांचे अंकुर झोपलेले असतात. अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ पीटर डेल ट्रेडिची यांनी चीनमधल्या तियानमू पर्वतावरची झाडे पाहून दाखवून दिले, की तिथल्या उतारांवर माती ढासळली, खोड मोडले, तरी झाडे याच गाठींतून स्वतःला पुन्हा उभारतात. बागेतल्या झाडाच्या बुडाशी असे फुटवे आले तर एकखोडी रूप टिकवण्यासाठी ते लहानपणीच काढावेत. अनेक खोडांचे झाड आवडत असेल तर ठेवावेत; त्यात रोग काही नाही.

हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब फुटला तेव्हा स्फोटाच्या केंद्रापासून १,१३० मीटरवर होसेनबो मंदिराच्या आवारात गिंकोचे एक झाड होते. मंदिर नष्ट झाले. झाड पुन्हा फुटले. पुढे नवे मंदिर बांधताना झाड हलवण्याऐवजी पायऱ्याच त्याला वळसा घालून बांधल्या.

कामाकुरा या गावी हाचिमान मंदिराच्या दगडी जिन्याशेजारी सुमारे ३० मीटर उंचीचा गिंको होता. १२१९ साली शोगुन सानेतोमोचा खून करणारा त्याचा पुतण्या याच झाडाआड लपला होता, असे तिथे सांगत. इतिहासकार त्याला मान डोलावत नाहीत. १० मार्च २०१० च्या पहाटे वादळी वाऱ्यात ते झाड मुळासकट कोसळले. मंदिराने खोडाचा ४ मीटर लांबीचा ओंडका कापून शेजारीच जमिनीत उभा केला आणि जुन्या जागी उरलेल्या मुळांवर माती टाकली. त्याच वसंतात मुळांच्या जागेतून कोंब वर आले, आणि ओंडक्यालाही पाने फुटली.